वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी पवित्र शास्त्रातील गोष्टी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. रविवारच्या शाळेत जाण्याइतक्या मोठ्या न झालेल्या मुलांना बायबलमधील गोष्टी घरी कशा सांगाव्यात, असे पालक आणि आजी-आजोबा विचारत आहेत. त्यांतील चार पत्रांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मी तिला रोज संध्याकाळी एक गोष्ट सांगते आणि नंतर तारवाचे किंवा मेंढराचे छापील चित्र रंगवायला देते. ती आवडीने रंगवते, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर गोष्टीतले काहीच तिला सांगता येत नाही. तिला दुसरे कोणते उपक्रम द्यावेत?
— एक आई, पिंपरी

उत्तर : मेंढरू रंगवताना आपल्या मुलीचे सारे लक्ष रंग रेषेबाहेर जाऊ न देण्याकडे लागलेले असते. मेंढपाळाने नव्याण्णव मेंढरे रानात सोडून हरवलेल्या एकासाठी पायपीट केली, ही गोष्ट त्या कागदावर कोठेच नसते, आणि जे तिच्या हातून झालेच नाही ते तिला आठवावे अशी अपेक्षा आपण करतो. रंगकामाला आमचा विरोध नाही, बोटांना त्याने वळण लागते; परंतु गोष्ट मनात उतरावी असे वाटत असेल, तर गोष्टीतले माणूस हाताने जे करते तेच मुलाच्या हाताला करायला द्यावे. उपक्रम निवडण्याची याहून चांगली कसोटी आम्हाला माहीत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील हरवलेल्या नाण्याचा दाखला घ्या. तो जेमतेम तीन वचनांचा आहे. एका स्त्रीजवळ दहा नाणी असतात, त्यांतले एक हरवते, ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर मैत्रिणींना व शेजारणींना बोलावून आनंद करते. त्या काळी पॅलेस्टाइनमधील साध्या घरांना खिडक्या लहान आणि थोड्या असत, म्हणून शोधायला दिवा लागला. ही सारी कृत्ये साडेतीन वर्षांच्या मुलीला जमण्यासारखी आहेत. गोष्ट आधी चार-पाच वाक्यांत सांगावी. मग तिन्हीसांजेला खोलीतला दिवा मालवून स्टीलच्या डब्यांची दहा झाकणे जमिनीवर ओळीने मांडावीत, दोघींनी मिळून मोजावीत, आणि तिने डोळे मिटले असताना एक झाकण पलंगाखाली सरकवावे. तिच्या हातात बॅटरी आणि लहान केरसुणी द्यावी. झाकण सापडल्यावर तिनेच आजीला आणि शेजारच्या काकूंना हाक मारून बोलवावे व त्यांच्या हातावर चुरमुरे ठेवावेत. हा शेवटचा भाग घाईत गाळला जातो, पण दाखल्याचा जीव तेथेच आहे, कारण एका नाण्यासाठी सगळ्या आळीला बोलावण्याइतका आनंद झाला हेच प्रभूला सांगायचे होते.

हा खेळ दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला जाईल, तिसऱ्या दिवशीही मागितला जाईल, आणि तो द्यावा. रोज नवी गोष्ट सांगण्याचा आपला नेम थोडा शिथिल केला तरी चालेल. या वयाच्या मुलाला नवलाईपेक्षा ओळखीची गोष्ट अधिक हवी असते, आणि एकच गोष्ट पंधरा दिवस चालली तर त्यात काही बिघडत नाही. तिने झाकणे स्वतः लपवून आपल्याला शोधायला लावले, म्हणजे गोष्ट तिची झाली असे समजावे.

याच रीतीने इतर गोष्टींकडेही पाहता येईल. उत्पत्तीच्या 6 व्या अध्यायात नोहाच्या तारवाला, म्हणजे जलप्रलयातून वाचण्यासाठी बांधलेल्या जहाजाला, आतून व बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा आहे. कागदाच्या दोन होड्या कराव्यात, एकीला आतून-बाहेरून मेणबत्ती घासावी, दोन्ही परातीतल्या पाण्यात सोडाव्यात आणि कोणती अधिक वेळ तरते ते पाहावे. डांबर कशासाठी लावले हे समजावून सांगण्याची मग गरजच उरत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या पाच हजारांना पुरतात व उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरतात. ही गोष्ट असेल त्या रात्री घरातल्या सर्वांना भाकरी मोडून वाढण्याचे काम मुलीकडे द्यावे. मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यासाठी फोडणीच्या डब्यातली मोहरी कुंडीत पेरली तर चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. मात्र दाखल्यातल्यासारखी त्या रोपावर पाखरे का बसत नाहीत, असे ती विचारील. तेव्हा त्या देशातली मोहरी माणसाच्या डोक्याहून उंच वाढते, एवढे सांगावे.

विकतचे साहित्य फारसे लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथील बालवाड्या शिंपले, खडे, बिया आणि पाने यांवरच चालवल्या. फक्त घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल, तर खरी नाणी, चिंचोके आणि मणी या खेळांत आणू नयेत, आणि पाण्याच्या परातीजवळ मोठे माणूस सतत बसलेले असावे.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारण्याची सवय मात्र सोडावी, ही विनंती. माँटेसोरी पद्धतीच्या आधारे सोफिया काव्हालेत्ती यांनी 1954 मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मुलाला लाकडी मेंढवाडा, मेंढपाळ आणि मेंढरे हाताळायला देतात, पण ती मेंढरे म्हणजे आपणच आहोत हे मोठ्यांनी सांगून टाकायचे नसते. मूल ते आपल्या वेळेने शोधते. आपण “मग यातून काय शिकलीस?” असे विचारले की मूल आपल्या तोंडाकडे पाहून अपेक्षित उत्तर देते आणि शोध तेथेच थांबतो.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. नोहाची गोष्ट सांगत असताना त्याने विचारले, “आजोबा, बाकीची माणसं कुठे गेली?” मी “दुसऱ्या गावाला गेली” असे सांगून वेळ मारून नेली. सुनेचे म्हणणे असे की अशा गोष्टी सांगूच नयेत. माझ्या लहानपणी आम्हाला सगळे सांगत असत. योग्य काय?
— एक आजोबा, अहिल्यानगर

उत्तर : आजोबा, नातवाने प्रश्न फार नेमका विचारला आहे, आणि त्याला खरे उत्तर मिळायला हवे होते. “ती बुडाली,” एवढे हळू आवाजात सांगावे आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहावी. बहुधा तो लगेच कबुतराकडे वळेल. वळला नाही, तर त्याला जवळ घेऊन देवालाही वाईट वाटले होते असे सांगावे, कारण उत्पत्तीच्या 6 व्या अध्यायात देवाच्या मनाला खेद झाल्याचे लिहिले आहे. दुसऱ्या गावाचे उत्तर आज निभावून जाते, परंतु सातव्या-आठव्या वर्षी मूल तोच अध्याय स्वतः वाचते आणि तेव्हा आजोबांच्या इतर गोष्टींकडेही संशयाने पाहू लागते.

सुनेचे म्हणणेही सर्वस्वी चुकीचे नाही. आमचा नियम असा आहे, की लहानांसाठी गोष्ट वगळावी किंवा अलीकडे थांबवावी, पण बदलू नये. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी देण्यासाठी वेदीवर ठेवतो ती गोष्ट चार वर्षांच्या मुलाला मुळीच सांगू नये, कारण ती ऐकताना ते स्वतःच्या वडिलांकडे पाहते. ती आठव्या-नवव्या वर्षापर्यंत थांबू शकते. दाविदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचले, गोफण फिरवली आणि धिप्पाड गल्याथ पडला, येथे गोष्ट थांबवता येते, त्यापुढच्या तलवारीची गरज नाही. दानिएलाला ज्यांच्या गुहेत टाकले ते सिंह मात्र त्याचे मित्र होते असे सांगू नये. ते भुकेले आणि भयंकर होते म्हणूनच राजाला रात्रभर झोप लागली नाही आणि पहाटेच तो गुहेकडे धावला. भीती गोष्टीत असायला हरकत नाही, मुलाला ती आजोबांच्या मांडीवर बसून अनुभवता यावी एवढेच पाहावे.

या निमित्ताने एक तक्रार नोंदवतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चित्रांत तारू म्हणजे जिराफाची मान छपरातून बाहेर आलेली, हसऱ्या प्राण्यांची सहलीची बोट असते. उत्पत्तीत तारवाला तीन मजले आहेत आणि दार परमेश्वराने स्वतः बंद केले असे म्हटले आहे. चादरीखाली अंधार करून, वर डबे वाजवून पावसाचा आवाज काढला आणि मग कावळा व कबुतर सोडण्यासाठी चादरीला फट केली, तर नातवाला त्या चित्रांपेक्षा गोष्टीचा अंदाज चांगला येईल.

मोठ्यांच्या सोयीसाठी देवाला पुढे करणे मात्र सर्वस्वी टाळावे. “जेवला नाहीस तर देव रागावेल,” असे जेवताना ऐकलेले मूल रात्री त्याच देवाची गोष्ट मोकळ्या मनाने ऐकत नाही.

प्रश्न : आमच्या घरी कादोडी बोलतात. मुलाला गोष्ट सांगताना बायबलमधील मराठी जशीच्या तशी वाचावी की आपल्या बोलीत सांगावी? वाचायची तर कोणते भाषांतर घ्यावे?
— एक वडील, वसई

उत्तर : बोलीतच सांगावी. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि जुन्या व नव्या करारातील कथा त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ या सुमारे 11 हजार ओव्यांच्या ग्रंथात मांडल्या. तो 1616 मध्ये रायतूर येथे छापला गेला. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने ऐकणाऱ्यांच्या कानाला रुळलेली ओवी स्वीकारली, तर बापाने आपल्या घरची बोली सोडण्याचे कारण नाही. गोष्ट बोलीत सांगून झाल्यावर एखादेच वचन ग्रंथातून, त्यातील शब्द न बदलता, वाचून दाखवावे, म्हणजे ग्रंथाचा नादही कानावर पडतो. त्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ चांगले आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केलेले भाषांतर घरात असेल, तर तेही काढून पाहावे. साध्या, फारशा न शिकलेल्या स्त्रियांना समजावे म्हणून त्यांनी ते केले होते.

प्रश्न : नाताळात आम्ही दिवाणखान्यात गोठा मांडतो. तीन वर्षांचा मुलगा सारखा बाळ येशूची मूर्ती उचलतो आणि घरभर फिरवतो. मागच्या वर्षी एक मेंढपाळ फुटला. त्याला दटावावे की गोठा उंचावर मांडावा?
— एक आई, नाशिक

उत्तर : दोन्ही करू नये. 1223 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांसह जन्माचा प्रसंग उभा केला, तो लोकांना बेथलेहेम डोळ्यांनी पाहता यावे म्हणूनच. तीन वर्षांचे मूल हातांनी पाहते. मातीच्या मूर्तींचा गोठा आहे तेथेच ठेवावा आणि मुलासाठी दुसरा, चपलांच्या खोक्याचा, मांडावा. त्यात जुन्या कापडाच्या गुंडाळ्या करून बाळ, मरिया, योसेफ आणि मेंढपाळ ठेवावेत. “हा आईचा, हा तुझा,” एवढा भेद या वयाला कळतो. त्याने बाळाला झोपवले, भरवले, खेळण्यातल्या आगीच्या बंबात बसवून फिरवले, तरी हसून सोडून द्यावे.

मागी लोकांना, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडील ज्ञानी लोकांना, मात्र पहिल्या दिवशी गोठ्यात आणू नये. लूकच्या वृत्तांतात मेंढपाळ त्याच रात्री येतात, आणि मत्तयाच्या वृत्तांतातले मागी दूर पूर्वेकडून, ताऱ्याच्या मागे येतात. ते किती होते हे मत्तयाने सांगितलेले नाही, म्हणून घरात उरलेल्या कापडातून होतील तितके करावेत. नाताळच्या दिवशी त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे करावे आणि रोज सकाळी मुलानेच त्यांना थोडे पुढे न्यावे. खिडकीवरून मेजावर, मेजावरून खुर्चीवर, खुर्चीवरून उंबरठ्यावर, असे करत 6 जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, ते गोठ्यापाशी पोचले पाहिजेत. मध्ये एखादा दिवस विसरला तर दुसऱ्या दिवशी दोन पावले टाकावीत.