घरातला खरखराट आणि आपला ४० मीटर: हॅम मित्रांचे प्रश्न

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मित्रांचे या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. रिग (आपला रेडिओ सेट) लावली की माणसाच्या आवाजाआधी खर्रर्र ऐकू येते. इंदूरचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून एका पाठोपाठ एक घेतो. नव्यांसाठी: ४० मीटर म्हणजे आपला ७ मेगाहर्ट्झचा बँड, आणि एस म्हणजे रिगच्या सुईवरचा आकडा, जितका मोठा तितका सिग्नल किंवा नॉइज जोरात.

सुदामा नगर: संध्याकाळी सात वाजले की ४० मीटरवर नॉइज एस ८ पर्यंत चढतो, सकाळी एस ३ असतो. कोणता फिल्टर मागवू?

थांबा, आत्ता काहीच मागवू नका. आधी चोर सापडू द्या, कुलूप नंतर घेऊ.

रिग बॅटरीवर घ्या, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा बघून लावा आणि कुणाला तरी घरचा मेन स्विच पाडायला सांगा. सुई खाली बसली तर नॉइज तुमच्याच घरातला, हलली नाही तर बाहेरचा. दोन मिनिटांचं काम आहे पण लोक महिनोन्‌महिने करत नाहीत आणि शेजाऱ्यावर संशय घेत बसतात, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा चोर स्वतःच्याच घरात निघालाय. एक फसगत मात्र लक्षात ठेवा, मेन पाडला की घरचा इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि त्याचा स्वतःचाच भरपूर नॉइज असतो, म्हणून तो आधी पूर्ण बंद करा, नाहीतर तुम्ही म्हणाल मेन पाडूनही फरक नाही.

सुई पडली की मेन परत चालू करा आणि एकेक एमसीबी पाडत जा, मग त्या लाइनवरचा एकेक प्लग काढत जा. प्लग काढा म्हणतोय मी, नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण कितीतरी वस्तू स्टँडबायमध्येही ओरडत असतात.

तुमचा नॉइज संध्याकाळी चढतो म्हणजे पहिला संशय एलईडी बल्ब आणि त्या वेळी लागणाऱ्या अडॅप्टरवर. आतला मामला असा की २३० व्होल्टचं डीसी करतात, साधारण ३२५ व्होल्ट, आणि ते सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतात. त्या चालू-बंदची पिल्लं, म्हणजे पटीतल्या फ्रिक्वेन्सी, थेट आपल्या बँडपर्यंत येतात आणि घरभर पसरलेली वायरिंग त्यांचा अँटेना होते. वॉटरफॉलवर (स्क्रीनवरचं बँडचं सरकतं चित्र) बघितलंत तर ठराविक अंतरावर धुरकट फुगवटे दिसतील, वस्तू तापली की हळूहळू सरकतात, ही यांची खूण.

माझ्याकडे हेच झालं होतं. आईने देवघरात एलईडीची माळ लावली होती, दिवेलागणीला लावायची, आणि नॉइज एस ७. तो अडॅप्टर उघडून बघितला. बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली होती पण तिथे वायरचा सरळ तुकडा टाकलेला, आणि शेजारच्या कपॅसिटरची दोन भोकं नुसतीच रिकामी, झाळसुद्धा लागलेली नाही. दोन-चार रुपये वाचवायला फिल्टरच काढून टाकला होता. त्याच व्होल्टचा चांगला अडॅप्टर लावला आणि सुई एस ३ वर. एका एस युनिटचे ६ डेसिबल, म्हणजे चार युनिटचे २४, पॉवरमध्ये अडीचशे पट फरक झाला. माळ अजून तिथेच आहे. (तुम्ही उघडणार असाल तर आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतो, हात लावू नका.)

विजय नगर: ऑनलाइन दहा क्लिपवाले फेराइट (वायरवर बसवायचे नॉइज अडवणारे तुकडे) घेतले, सगळ्या वायरींना एकेक लावला, काडीचाही फरक नाही. फेराइट हा सगळा भूलथापांचा धंदा आहे का?

नाही हो, फेराइट खरंच काम करतो पण नुसती क्लिप लावून ४० मीटरवर फार काही होत नाही. सगळा खेळ वेढ्यांचा आहे. वायर भोकातून एकदा गेली की एक वेढा, आणि अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढ्यांना नऊ पट, सात वेढ्यांना एकोणपन्नास पट. (फार जास्त घेतले तर वेढेच एकमेकांना जोडून फायदा घालवतात.) म्हणून दहा ठिकाणी एकेक क्लिप लावण्यापेक्षा जी वस्तू ओरडते तिच्या अगदी जवळ एका मोठ्या फेराइट रिंगवर सहा-सात वेढे घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र, एकाच रिंगमधून, वेगवेगळ्या नाही.

दुसरी गोष्ट मटेरियलची. आपल्या एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ३१ नंबर सगळ्यात कामाचा, ४३ नंबर वरच्या बँडला चांगला. क्लिपवर नंबरच नसेल तर काय घेतलंय ते कळत नाही. आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग बरेच जण काढून वापरतात, ती लोखंडी भुकटीची असते, या कामाची नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

महारानी रोडला, आपल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, फिल्टरसाठी कपॅसिटर घ्यायला जाल तर मेन लाइनवर लावायचा कपॅसिटर एक्स-२ छापाचाच घ्या, साधा कपॅसिटर २३० व्होल्टवर टाकणं म्हणजे आगीला निमंत्रण.

रामबाग: नवे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे लावायचेत, वीज वाचते म्हणतात. आपल्याला त्रास होतो का?

वीज खरंच वाचते, साधा पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॉट घेतो तर हा तिशीच्या आसपास. पण आत मोटरचा ड्रायव्हर बसलाय आणि तोही चालू-बंदवालाच. कुठलं मॉडेल शांत, कुठलं गोंगाट करणारं हे बाहेरून कळत नाही, म्हणून भिया, एकदम सहा आणू नका, एक आणा, बसवा, सगळ्या स्पीडवर रिगवर ऐका आणि मगच बाकीचे. नॉइज निघाला तर वरच्या कॅनोपीत छोट्या रिंगवर दोन्ही वायरींचे चार-पाच वेढे बसतात, एमसीबी पाडून, इलेक्ट्रिशियनकडून.

महालक्ष्मी नगर: शेजारच्या गच्चीवर सोलर बसलं, तेव्हापासून दिवसभर सगळ्या बँडवर घरघर, सूर्य मावळला की शांत. त्यांच्याशी भांडण करायचं नाही.

न भांडताच होईल. पहिल्या दिवशी "तुमच्या सोलरने" असं वाक्यच काढू नका. एक छोटा ट्रान्झिस्टर घेऊन जा, त्या घरातल्या आजोबांकडेच असेल एखादा, मालवा हाउसचे, म्हणजे इंदूर आकाशवाणीचे, कार्यक्रम ऐकायला घेतलेला. मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावून सोलरच्या इन्व्हर्टरजवळ न्या. स्वतःच्या कानाने ऐकलं की माणूस विरोधात राहत नाही, उलट विचारतो आता काय करायचं.

करायचं ते असं. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या प्लस आणि मायनस वायरी लांब लांब असल्या की मोठी लूप अँटेना तयार होते, त्या शेजारीशेजारी बांधून घ्यायच्या. इन्व्हर्टरच्या डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना फेराइट. प्रत्येक पॅनेलखाली ऑप्टिमायझर (त्या पॅनेलची पॉवर सांभाळणारा डबा) असतील तर काम वाढतं, कारण तिथे प्रत्येक डबा एकेक चोर. हे सगळं ज्यांनी सोलर बसवलं त्यांच्याच माणसाकडून करून घ्या, उन्हात चालू लाइनचा डीसी कनेक्टर ओढला तर आर्क पेटतो आणि तो एसीसारखा पटकन विझत नाही.

तोवर आपल्या बाजूने एक करा. डायपोलच्या (तारेच्या अँटेनाच्या) मध्यावर, कोॲक्स (अँटेनाची केबल) जिथे जोडलाय तिथे ३१ नंबरच्या २.४ इंची रिंगवर कोॲक्सचे दहा-बारा वेढे घ्या. कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून घरातला-शेजारचा नॉइज अँटेनापर्यंत चढतो, तो तिथेच अडतो. बऱ्याच जणांना यातूनच दोन-तीन युनिट मिळतात आणि खर्चही एकाच रिंगचा.

राजेंद्र नगर: मे महिन्यात कडकड आवाज यायचा, पहिला पाऊस पडला आणि गायब, आता पुन्हा सुरू.

हा विजेचा खांब. सैल क्लँप किंवा इन्सुलेटरवर ठिणगी पडते, सेकंदाला शंभर ठोक्यांची घरघर, ओलं झालं की थांबते. ४० मीटरवर तो सगळीकडूनच येतो असं वाटेल, म्हणून २ मीटरवर (१४४ मेगाहर्ट्झचा बँड) एएममध्ये ऐकत चाला, जितकं वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू येईल तितके तुम्ही जवळ. खांबाचा नंबर लिहून वीज कंपनीला लेखी द्या. खांबाला ठोकून बघणं, ताण्याची तार हलवणं अजिबात नको, वरची वायर सुटून अंगावर येऊ शकते.

स्कीम नंबर ७८: उलटा प्रश्न. मी बोललो की सासूबाईंच्या टीव्हीच्या साउंडबारमधून माझाच आवाज येतो, नेमका त्यांच्या मालिकेच्या वेळेला.

स्पीकरच्या लांब वायरी तुमचा सिग्नल पकडतात आणि ॲम्प्लिफायर त्याचा आवाज करतो, तुमची रिग बिघडलेली नसते. साउंडबारच्या सगळ्या वायरींचे, पॉवरचीही धरा, सहा-सहा वेढे रिंगवर घ्या, अगदी डब्याजवळ. तोपर्यंत १०० ऐवजी २५ वॉटवर बोला, समोरच्याला जेमतेम एक एस युनिट कमी दिसेल. आणि नेटची (हॅम मित्रांच्या ठरलेल्या रेडिओ गप्पांची) वेळ मालिकेनंतरची ठरवता येत असेल तर आजच ठरवा, रिंग पोस्टाने यायला चार दिवस लागतात.