पाटीवरचे ‘सर रतन टाटा’ कोण?

प्रश्न : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अनेक पाट्यांवर ‘सर रतन टाटा संग्रह’ असे असते. हे २०२४ मध्ये निधन झालेले रतन टाटाच का?

उत्तर : नाही. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव (१८७१–१९१८). त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी नवल टाटांना दत्तक घेतले आणि तुम्ही म्हणता ते रतन टाटा हे नवल यांचे पुत्र. पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा पुरवणारेही हेच सर रतन. त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर संग्रहालयाला मिळाला. थोरले बंधू दोराबजींचा १९३३ मध्ये आला. दोन्हींची गल्लत सर्रास होते. पाटीवर नोंदणी क्रमांक असेल तर तो पाहा : सुरुवातीचे दोन आकडे बहुधा नोंदणीचे वर्ष दाखवतात. २२ असेल तर रतन, ३३ असेल तर दोराबजी.

युरोपीय तैलचित्रांकडे गर्दी वळते, पण आमच्या मते खरा ऐवज चिनी पोर्सिलेन आणि जेड या कठीण, बहुधा हिरवट दगडाच्या वस्तूंत आहे. जेड छिन्नीने कोरत नाहीत. त्याहून कठीण खनिजाची ओली पूड लावून ते घासत झिजवतात. म्हणून लहानशा वाटीलाही महिनोन्‌महिने लागत. मुंबईच्या हवेचा त्याला फारसा त्रास नाही. तैलचित्रांना मात्र होतो : दमटपणा कमी-जास्त झाला की कॅनव्हास ताणतो, सैलावतो आणि रंगाच्या थराला तडे जातात.