अकरावीच्या इंग्लिशसाठी: गाईड नंतर, आधी मूळ धडा

अरे गाईड उघडायची एवढी घाई कशाला, आधी कविता दोनदा मोठ्याने वाच, अर्थ नाही लागला तरी चालेल. सॉनेट असेल तर 14 ओळी असतात, त्यात विचार कुठे पलटतो ते शोध, बऱ्याचदा नवव्या ओळीला नाहीतर शेवटच्या दोन ओळींत, तिथे पेन्सिलने खूण कर, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. नुसतं 'इथे मेटाफर (रूपक) आहे' लिहून मार्क मिळत नाहीत, त्याने काय साधलं ते लिही.

गोष्टीत फक्त एवढंच बघ की सांगतोय कोण आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा का.

नाटकाला मात्र वेळ दे. कंसातल्या सूचना सगळे गाळतात (का कोण जाणे!), खरी गंमत तिथेच. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाच्या पहिल्या अंकात, चौथ्या प्रवेशात राजा डंकन म्हणतो की चेहऱ्यावरून माणसाचं मन ओळखता येत नाही, ज्याच्यावर पूर्ण भरवसा होता तोच फितूर निघाला, आणि नेमका तेव्हाच मॅकबेथ आत येतो, पुढे डंकनचाच खून करणारा! ही एंट्री उत्तरात लिहिलीस ना, तर ड्रॅमॅटिक आयरनीची (प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं) व्याख्या पाठ करायची गरजच नाही.