लीचेसच्या आकडेवारीचं टूल: रीडमी लिहिताना आधी एवढं कर

लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवरून खेळाडूंची आकडेवारी आणणारं, तू खानापूरहून पाठवलेलं टूल चालवून बघितलं. छान केलंयस की! आता रीडमीला, म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणाऱ्या फाइलला, हात घाल, पण सगळं एकदम लिहायला जाऊ नको.

सगळ्यात वर एक चालणारं उदाहरण दे. कमांड आणि तिच्याखाली खरोखर आलेलं उत्तर, जसंच्या तसं. नवीन माणूस आधी तेच कॉपी करून बघतो.

मग उत्तरात आलेल्या माहितीच्या एकेका रकान्याच्या नावाचा अर्थ लिही. इथं कंटाळा करू नको. खातं कधी उघडलं तो आकडा मिलिसेकंदांत येतो. ते सांगितलं नाहीस तर पोरं सेकंद समजतील आणि तारीख हजारो वर्षं पुढची निघेल. रेटिंग ग्लिको-२ या गणिती पद्धतीचं आहे, फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) नाही, हेही स्पष्ट लिही. बेळगावात स्पर्धा खेळणारी पोरं दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाद घालतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- स्वतःचं टोकन (खात्याची गुप्त किल्ली) उदाहरणात तसंच राहतं. गिटवर (तिथं कोडच्या जुन्या आवृत्त्याही राहतात) गेलं की नुसतं पुसून भागत नाही, रद्दच करायचं.
- फक्त यशस्वी उत्तर दाखवतात. ४०४ (सापडलं नाही) किंवा ४२९ (फार विनंत्या झाल्या) आलं तर काय करायचं? लीचेसचा नियम असा: एका वेळी एकच विनंती, आणि ४२९ आलं की पूर्ण मिनिटभर थांबायचं. हे ठळक लिही.

कॅशिंग (आलेलं उत्तर साठवून ठेवणं) वगैरे नंतर बघू. आधी निपाणीच्या त्या मित्राला नुसतं रीडमी दे आणि शेजारी गप्प बस. तो जिथं अडेल, तिथं वाक्य बदल.