मोत्याला रिठा नको

आईची नथ आणि तन्मणी तुमच्याकडे आलाय, मोती पिवळट दिसतायत, तर सोन्यासारखं रिठ्याच्या पाण्यात उकळू का, असं विचारलंयत. नका उकळू. पाटल्या-बांगड्यांचं शास्त्र मोत्याला लावलं की मोत्याचं पाणी उतरलंच म्हणून समजा.

मुळात मोती हा दगड नाहीच. शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून केलेलं ते कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते थर धरून ठेवतं एक प्रथिन. त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर त्याला खातात. घामसुद्धा हळूहळू खातो. कठीणपणाच्या मोह्स मापावर हिरा १०, तर मोती जेमतेम २.५ ते ४.५. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते ७. म्हणजे कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलं तरी चरे पडणार. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, ब्रश यांचं नावही काढू नका.

आता पिवळेपणाचं. वरचा मळ असेल तर निघेल. जुनं बसरा, म्हणजे इराणच्या आखातातलं, मोती मुळातच सायीच्या रंगाचं असतं, तो दोष नाही. पण वयाने आतूनच पिवळं झालं असेल तर ते परत पांढरं होत नाही. कोणी करून देतो म्हणालं तर दागिना परत पर्समध्ये टाका.

जुनं मलमल कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, त्याला बेबी शाम्पूचा एक थेंब. एकेक मोती पुसा, मग नुसत्या ओल्या फडक्याने पुन्हा. नथ तारेवर असते, ती सोपी. तन्मणी मात्र भिजवू नका. रेशीम आत ओलं राहतं, कुजतं. टॉवेलवर आडवा पसरून रात्रभर वाळवा. टांगलात तर दोरा ताणला जाईल. मोत्यांच्या मधून दोरा दिसायला लागला असेल तर पुसण्याच्या आधी गाठवूनच घ्या. नाशकात सराफ बाजारात विचारलंत की गाठवणारा कोणीही दाखवेल. समोर बसून गाठवून घ्या आणि मोती मोजून द्या, मोजून घ्या. संशयाचा प्रश्न नाही, घरंगळतात हो!

माझी चूकही सांगते. सासूबाईंची पाचूची अंगठी एका दुकानात 'फुकट स्वच्छ करून देतो' म्हणाले म्हणून दिली. त्यांनी ती कंपनांच्या मशीनमध्ये टाकली. बाहेर आली तेव्हा हिरव्यात पांढऱ्या रेघाच रेघा. पाचूत बहुधा बारीक भेगा असतात आणि त्या झाकायला तेल मुरवलेलं असतं. ते तेलच मशीनने काढलं. नंतर पुन्हा तेल भरून घेतलं, पण ती पहिली झाक काही आली नाही. म्हणून पाचू, मोती, पोवळं, ओपल मशीनमध्ये द्यायचं नाही. नवरत्नाच्या अंगठीत हिरा, माणिक असले तरी मोती-पोवळ्याला सोसेल तेवढंच करायचं.

लग्नाला निघताना पावडर, अत्तर, हेअरस्प्रे सगळं आटपल्यावर शेवटी मोती घाला. घरी आल्यावर पहिले तेच उतरवा, पुसा. हिऱ्याच्या कुड्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, हिरा सगळ्यांना ओरखडतो. मोत्याला प्लास्टिकची पिशवीही नको. सुती कापडात गुंडाळा. आणि बँकेच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षं कोंडू नका. कोरड्या हवेत मोत्यातला ओलावा उडतो, मग तडकतात. सणावारी काढून घालावेत.

एक राहिलं. तन्मण्याच्या खोडाला, म्हणजे मधल्या खड्यांच्या पदकाला, अजून पाणी लावू नका. जुन्या खोडात खड्यांच्या मागे चकाकीसाठी पातळ पत्रा घातलेला असतो, त्यात पाणी शिरलं की खडे काळे दिसतात. आधी खोडाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, बंद आहे की उघडं ते बघून सांगते.