मंत्र्यांचा शब्द की शासन निर्णय?

प्रश्न : विरोध वाढल्यावर सरकार ‘निर्णय मागे’ म्हणतं. तो खरंच रद्द झाला हे कसं ओळखायचं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : कागद मागा. शासन निर्णय नव्या शासन निर्णयानेच रद्द होतो. त्यात जुन्याची तारीख हवी. नुसती ‘स्थगिती’ असेल तर तो कधीही परत येतो. महाराष्ट्रात शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे दोन्ही शासन निर्णय रद्द करण्याची घोषणा २९ जून २०२५ रोजी झाली, पण सोबत याच विषयावर समितीही नेमली गेली. म्हणजे विषय खुलाच राहिला. कायद्याला मात्र निरसन विधेयकच, म्हणजे तो रद्द करणारं विधेयकच लागतं. केंद्राचे तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ची, संसदेची मंजुरी २९ची. मधल्या काळात आंदोलक हलले नाहीत, ते योग्यच! तुमच्याकडे हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा आमदारांना तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) विचारायला लावा. उत्तर सभागृहाच्या नोंदीत राहतं.