थायरॉइडचा टीएसएच रेंजबाहेर असूनही मला गोळी दिली नाही, आणि बाबांचं कोलेस्टेरॉल रेंजमध्ये असूनही त्यांचा डोस वाढवला. असं का?

तुमचा टीएसएच 5.8, ठळक अक्षरांत छापलेला, तरी गोळी नाही. बाबांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 118, त्यावर कसलीच खूण नाही, तरी अँजिओप्लास्टी झाली आहे म्हणून डोस वाढवला. मला दोन्ही निर्णय पटतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज असेच रिपोर्ट तपासून सही करते.

रिपोर्टच्या कडेला छापलेली रेंज बहुतेक चाचण्यांसाठी अशी ठरते: निरोगी माणसांच्या मोठ्या गटाचं रक्त तपासतात, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळतात, मधले 95 टक्के उरतात ते ‘नॉर्मल’. म्हणजे ठणठणीत वीस जणांमध्येही सरासरी एक जण रेंजबाहेर जातोच. फुल बॉडी चेकअपमध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर काहीही आजार नसलेल्या माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास निघते. अशा एका आकड्यापायी लोकांची झोप उडते, याचं मला फार वाईट वाटतं.

औषध कधी द्यायचं याची रेषा निराळी. कितीच्या पुढे धोका वाढतो आणि उपचारांचा फायदा होतो, यावरून ती आखतात. मधुमेहासाठी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) 6.5 टक्के धरतात, कारण साधारण तिथून पुढे मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा जास्त दिसू लागते. उपाशीपोटीच्या साखरेची हद्द आधी 140 होती. याच इजेचा अभ्यास करून 1997 मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती 126 वर आणली.

शिवाय ही रेषा माणसागणिक बदलते. हृदयाचा काही त्रास नसलेल्या तरुणाला 118 एलडीएल सहसा चालून जातो. ज्यांच्या रक्तवाहिनीत एकदा ब्लॉकेज सापडलंय, त्यांचा 70 च्या खाली, जमल्यास 55 च्याही खाली हवा. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून बाबांना गोळी सोडू देऊ नका.

आता तुमचं. फ्री टी4, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, नॉर्मल असेल तर टीएसएच 10 च्या पुढे जाईपर्यंत बहुतेकदा थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. पुष्कळांचा तो आपोआप खाली येतो. मात्र तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाचा विचार करत असाल, तर थांबू नका, आजच डॉक्टरांना सांगा. तिथे हद्द बरीच खाली असते.

पुन्हा तपासाल तेव्हा त्याच लॅबमध्ये, साधारण त्याच वेळी रक्त द्या. टीएसएच रात्री आणि पहाटे चढलेला असतो, दुपारी उतरतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी लॅबला सांगा. काही मशीनवर त्यांच्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो, आणि वाढलेला आकडा नॉर्मल म्हणून हातात पडू शकतो.